थकलेला पगार: तक्रार करून थांबू नका, दावा लावा

प्रश्न असा आहे: लहान कारखान्यात चार वर्षे नोकरी. पगार १८,००० रुपये. त्यातले १२,००० बँकेत आणि ६,००० रोख. नेमणूकपत्र नाही. तीन महिन्यांचा पगार थकला आहे आणि मालक दर वेळी पुढची तारीख देतो. कामगार कार्यालयात तक्रार देऊन दोन महिने झाले, हालचाल नाही. राजीनामा दिला तर पैसे बुडतील का? आणि आता करायचे काय?

राजीनामा दिल्याने केलेल्या कामाचा पगार बुडत नाही. नेमणूकपत्र नसल्यानेही बुडत नाही. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने: माणूस तक्रार देतो आणि आपले काम झाले असे समजून वाट पाहत बसतो. कामगार कार्यालयात दिलेली तक्रार आणि थकीत वेतनाचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निरीक्षकाकडे जाते, दुसरा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे चालतो. तुमचे पैसे ठरवून देण्याचा अधिकार फक्त दुसऱ्याला आहे.

आधी कायदा कुठला ते स्पष्ट करू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा व १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन झाले. जुन्या वेतन प्रदान कायद्याला पगाराची मर्यादा होती. शेवटी ती महिना २४,००० रुपये होती. त्यावर पगार असलेल्याला त्या कायद्याचे दार बंद होते. संहितेत ती मर्यादा नाही आणि ‘कर्मचारी’ या शब्दात पर्यवेक्षक, व्यवस्थापकही येतात. ‘तुमचा पगार जास्त आहे, तुम्ही इथे येऊ शकत नाही’ असे कोणी सांगितले तर ते जुन्या कायद्याचे उत्तर आहे.

महिन्याच्या पगाराला संहितेने दिलेली मुदत पुढच्या महिन्याची ७ तारीख संपेपर्यंत आहे. रोजंदारीवाल्याला पाळी संपताना, आठवड्याच्या पगारवाल्याला साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, पंधरवड्याच्या पगारवाल्याला पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत पैसे मिळायला हवेत. नोकरीवरून काढले, कामगार कपात केली, राजीनामा दिला किंवा कारखाना बंद पडला, तर राहिलेले सगळे वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचे असते. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल’ हा कंपन्यांचा अंतर्गत रिवाज आहे. तुम्ही तसे लिहून दिले असले तरी कायद्याने मिळालेला हक्क करार करून सोडता येत नाही. तेवढा करार रद्दबातल ठरतो.

आता तुमच्या तक्रारीकडे. निरीक्षक मालकाला पत्र पाठवतो, कधी भेट देतो, रजिस्टरे तपासतो. चूक आढळली तरी लगेच खटला उभा राहतोच असे नाही. रजिस्टरे न ठेवण्यासारख्या चुकांत आधी मालकाला लेखी सूचना देऊन ठरावीक मुदतीत चूक सुधारण्याची संधी द्यावी लागते. पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा केली असेल तरच ही सवलत मिळत नाही. खटला झालाच, तर कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा दंड सरकारजमा होतो. तक्रारीचा उपयोग आहे, कारण तिच्यामुळे तपासणीचा अहवाल तयार होतो आणि तो पुढे पुरावा म्हणून मागवता येतो. काही मालक पहिल्या पत्रालाच पैसे देऊनही टाकतात. पण तक्रार पडून आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. दोन महिने गेले आहेत. आता दावा तयार करायला घ्या.

दाव्याची मुदत संहितेखाली तीन वर्षे आहे आणि ती प्रत्येक महिन्याच्या पगाराला वेगळी मोजतात, म्हणजे तो पगार देय झाला त्या दिवसापासून. उशिराचे सबळ कारण पटवले तर त्यानंतरही अर्ज दाखल होऊ शकतो. तरीही तीन वर्षे हातात आहेत असे समजू नका. थकबाकीतले काही महिने २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचे असतील, तर मालकाचा वकील जुन्या कायद्याची मुदत पुढे करेल: पगारासाठी १२ महिने, किमान वेतनातल्या फरकासाठी सहा महिने. अशा दाव्याबरोबर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज आणि त्यातल्या कारणांचे शपथपत्र पहिल्याच दिवशी जोडा. आणखी एक गोष्ट: वाट पाहण्यात साक्षीदार पांगतात, कंपनीचे नाव बदलते, यंत्रे विकली जातात. मुदतीपेक्षा हे नुकसान मोठे असते.

पुराव्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निकाल तिथेच लागतो. पगार दिला आहे हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. पगार मिळाला नाही ही नकारात्मक गोष्ट तुम्हाला सिद्ध करायची नाही. हे मालकाच्या वकिलालाही माहीत असते, म्हणून तो वेगळी वाट धरतो: ‘हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता’, ‘तो कंत्राटदाराचा होता’, किंवा ‘होता, पण सहा महिन्यांपूर्वीच सोडून गेला’. म्हणजे सिद्ध करण्यासारख्या तीन गोष्टी तुमच्याकडे उरतात: नोकरीचे नाते, शेवटचा कामाचा दिवस आणि पगाराचा दर.

नात्यासाठी बँकेचे पासबुक सर्वांत भक्कम. चार वर्षे एकाच खात्यातून दरमहा १२,००० जमा होत असतील, तर ती नोंद नेमणूकपत्राची उणीव बरीचशी भरून काढते. बँकेत जाऊन पूर्ण कालावधीचा शिक्क्याचा उतारा घ्या. त्यात पाठवणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसते का ते पाहा. नुसता क्रमांक दिसत असेल तर बँकेकडून तपशील मागा. पीएफचे पासबुक, ईएसआयसीचे कार्ड, ओळखपत्र, गेटपास, तुमची सही असलेले डिलिव्हरी चलन किंवा उत्पादनाची नोंद, यातले जे असेल ते जोडा. शेवटच्या दिवसासाठी पाळीच्या वेळापत्रकाचे संदेश, कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सूचना, हजेरी यंत्राच्या नोंदी उपयोगी पडतात. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. मूळ संभाषण फोनमध्ये तसेच ठेवा, बॅकअप घ्या आणि फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. ते नसले की समोरून हरकत येतेच.

कठीण भाग रोखीच्या ६,००० रुपयांचा. मालक सांगणार की पगार १२,००० च होता. इथे ‘उरलेले सहा कधी देणार’ असा तुमचा संदेश आणि त्यावर आलेले उत्तर, मग ते ‘सोमवारी बघू’ एवढेच का असेना, फार मोलाचे असते. उत्तरात मालक रक्कम नाकारत नाही हे त्यातून दिसते. दर महिन्याच्या त्याच सुमारास तुमच्या खात्यात रोख भरणा झाला असेल तर त्या नोंदी काढा. याच पद्धतीने पगार घेणारे दोन सहकारी साक्ष देऊ शकतील का ते आधीच विचारा. कामावर असलेला सहकारी कचरतो, सोडून गेलेला सहसा येतो. शिवाय तुमच्या उद्योगाचे चालू किमान वेतन कामगार विभागाच्या अधिसूचनेत पाहा. १२,००० त्यापेक्षा कमी भरत असतील, तर रोखीचा भाग सिद्ध झाला नाही तरी फरकाची रक्कम किमान वेतन म्हणून मागता येते. म्हणून दाव्यात दोन्ही मागण्या लिहाव्यात: मुख्य मागणी १८,००० च्या दराने आणि ती न पटल्यास किमान वेतनाच्या दराने.

कंपनीचा मस्टर किंवा रजिस्टर उचलून घरी आणू नका. चोरीची उलट तक्रार होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. हजेरीपट, वेतनपट आणि पगाराच्या स्लिपा ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. दाव्यासोबतच ही कागदपत्रे हजर करावीत असा अर्ज द्या. तो अर्ज झाल्यावर मालकाने ती आणली नाहीत, तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढावा अशी मागणी तुम्हाला करता येते. अर्जच केला नसेल तर ही मागणी लंगडी पडते.

राजीनामा द्यायचा असेल तर त्याचे शब्द जपून लिहा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहू नका. ‘अमुक महिन्यापासूनचे वेतन न मिळाल्याने नोकरी सोडत आहे, थकीत वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावे’ असे लिहा. पुढे मालक नोटीस न दिल्याबद्दल एक महिन्याचा पगार वळता करायला निघाला, तर हे वाक्य तुमच्या बाजूने उभे राहते. राजीनामा ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. नुसते कामावर जाणे बंद करणे सर्वांत वाईट. मग गैरहजेरीची पत्रे तयार होतात आणि शेवटची तारीखच वादात जाते. चार वर्षांहून अधिक नोकरी झाली असेल, तर राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) मिळण्यासाठी लागणारी पाच वर्षे किती दूर आहेत तेही पाहून घ्या.

सगळ्यांनी मिळून अचानक काम बंद करण्याचा विचार असेल तर थांबा. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे संपासाठी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपातच मोजतात. वेतन संहितेत तर दहा किंवा अधिक जणांनी ठरवून, नोटीस न देता गैरहजर राहिल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद आहे. तुमचा हक्काचा दावा असताना मालकाच्या हाती हे हत्यार देऊ नये.

हिशेब स्वतः करा, ‘सुमारे साठ-सत्तर हजार’ असे लिहू नका. समजा तीन पूर्ण महिने थकले, चालू महिन्यात ११ दिवस काम केले, ४० तास जादा काम झाले आणि ५,००० रुपये उचल घेतली होती.

तीन महिने: १८,००० × ३ = ५४,०००
११ दिवस: १८,००० ÷ २६ × ११ = ७,६१५
जादा काम, दुप्पट दराने: १८,००० ÷ २६ ÷ ८ × २ × ४० = ६,९२३
एकूण ६८,५३८, उचल वजा ५,०००, मागणी ६३,५३८ रुपये

इथे २६ ने भागले आहे. तुमची कंपनी ३० ने भागत आली असेल तर तोच भाजक धरा, नाहीतर आकड्यावरच तारखा पडतील. उचल लपवू नका. मालक ती सही दाखवणारच, आणि एक लपवलेली रक्कम तुमच्या बाकीच्या सगळ्या आकड्यांवर संशय आणते. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि जादा कामाचा मोबदला वेतनाच्या व्याख्येतून एरवी वगळलेले आहेत, पण वेतन देण्याच्या प्रश्नात ते धरावेत असे संहिताच सांगते; म्हणून मागणी फक्त मूळ पगाराची करू नका. मालकाने नुकसानभरपाई म्हणून काही कापले असेल तर त्याआधी तुम्हाला म्हणणे मांडायची संधी दिली होती का ते विचारा. सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत आणि दंड ३ टक्क्यांवर.

आता मागणीपत्र. एक पानाचे, वरचा हिशेब जोडलेले, सात दिवसांची मुदत देणारे. वकिलामार्फतच पाठवायला हवे असे नाही. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर न फोडता तसेच ठेवा. तो शेराही पुरावाच आहे. मागणीपत्रात धमकी, शिवीगाळ, ‘बदनामी करीन’ अशी भाषा नको.

सात दिवसांनी दावा. खासगी कारखाने, दुकाने, कार्यालये यांच्यासाठी राज्य सरकारचे अधिकारी, म्हणजे तुमच्या जिल्ह्याचे साहाय्यक किंवा उप कामगार आयुक्त कार्यालय गाठायचे. रेल्वे, खाणी, बँका, विमा, मोठी बंदरे, दूरसंचार ही केंद्राची क्षेत्रे; तिथल्या कंत्राटी कामगारांनीही केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायचे, समाधान पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला की सहा महिने सहज जातात, म्हणून हे आधी ठरवा. आवक खिडकीवर ‘मला वेतन संहितेच्या कलम ४५ खालचा दावा दाखल करायचा आहे’ असे स्पष्ट सांगा, अर्जाचा चालू नमुना तिथूनच घ्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. कलम ४५ चा उल्लेख नसलेला अर्ज तक्रारींच्या गठ्ठ्यात जातो. दिवाणी न्यायालयात मात्र जाऊ नका. या रकमांचे दावे तिथे चालत नाहीत.

दावा तुम्ही स्वतः, तुमची नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक दाखल करू शकतो. प्रतिवादी म्हणून कंपनीचे नोंदणीकृत नाव लिहा, गेटवरच्या पाटीवरचे नाही. खासगी मर्यादित कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, संचालक सापडतात. मालकी हक्काचा किंवा भागीदारीचा धंदा असेल तर मालक किंवा भागीदारांची नावे लिहा. कंत्राटदारामार्फत काम करत असाल तर मूळ कंपनीलाही प्रतिवादी करा. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा, असे कायदा सांगतो. कंत्राटदार गायब होणे नेहमीचे, मूळ कंपनी जागेवरच असते.

थकबाकीशिवाय भरपाईही मागा. अधिकारी मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. ‘पर्यंत’ हा शब्द लक्षात ठेवा, दहा पट कुणाला आपोआप मिळत नाही. घराचे हप्ते चुकले, मुलांची फी राहिली, व्याजाने पैसे काढले, याची कागदपत्रे जोडली तर मागणीला वजन येते. मागणीच केली नसेल तर बहुधा काहीच मिळत नाही.

तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. दर तारखेला हजर राहा. तुम्ही गैरहजर राहिलात तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मालक गैरहजर राहिला तर एकतर्फी आदेशाची मागणी करा. औद्योगिक कामगाराला, तसेच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे.

पीएफचे पासबुक आजच उघडून पाहा. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. कापली आणि भरली नाही, तर तो कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयात वेगळी तक्रार होते. नुसता पगार थकला म्हणून पोलीस सहसा हात घालत नाहीत. पीएफची गोष्ट वेगळी आहे.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर वरचे बरेचसे बाजूला ठेवावे लागते. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने स्थगिती लावली की कामगार कार्यालयातला दावा पुढे सरकत नाही. मग दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे नमुना ‘डी’ मध्ये रक्कम नोंदवायची. जाहीर सूचनेत अंतिम तारीख असते आणि ती फार जवळची असते. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी वरच्या क्रमात येतात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यांच्याखाली.

आदेश हातात आल्यावर पुष्कळ जण थांबतात, आणि ही दुसरी मोठी चूक. मालकाने पैसे भरले नाहीत तर अधिकारी वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतो, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखला पाठवावा यासाठी लेखी अर्ज द्या. त्याचा जावक क्रमांक घ्या, तहसील कार्यालयात तो कुठल्या टेबलावर आहे ते शोधा. तिथल्या कारकुनाला नुसता कंपनीचा पत्ता देऊन भागत नाही. जप्त काय करायचे ते सांगावे लागते. तुमच्या पासबुकात ज्या खात्यातून पगार यायचा तो तपशील द्या. कारखान्याचा भूखंड क्रमांक, वाहनांचे नंबर, यंत्रांची यादी, ज्या मोठ्या ग्राहकांकडून कंपनीला बिले यायची आहेत त्यांची नावे द्या. नोकरीत असताना ही माहिती समोर असते. बाहेर पडल्यावर मिळवणे अवघड, म्हणून राजीनाम्याआधीच वहीत लिहून ठेवा.

मध्येच मालक तडजोडीला आला तर ऐका, कमी रक्कम पण हातात मिळणे कधी कधी शहाणपणाचे असते. पण ‘सर्व हिशेब पूर्ण, काही येणे नाही’ अशा कागदावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका, आणि कोऱ्या व्हाउचरवर कधीच नाही. तडजोड अधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्या, हप्ते असतील तर प्रत्येकाची तारीख आणि एक हप्ता चुकला तर पूर्ण मूळ रक्कम देय होईल हे वाक्य त्यात घाला. चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मालकाला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद. यातली पहिली ३० दिवसांची मुदत चुकली तर त्या मेमोवर फिर्याद उभी राहत नाही. चेक अजून वैध असेल तर तो पुन्हा भरावा लागतो.